मागची दोन्ही चाकं

आमच्या गाडीच्या मागच्या ब्रेकचे शू मी घरी, अंगणात बदलले, त्याला आता वर्ष होत आलं. मी शाळेत इतिहास शिकवते. त्याआधी कधी पान्याला हात लावला नव्हता. ती वेळ माझ्यावर आली, कारण माझ्या नवऱ्याला लकवा मारला होता आणि त्यांचं गॅरेज राहणार की जाणार हे आम्हाला ठरवायचं होतं.

परतूरमध्ये स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला पत्र्याच्या एका भाड्याच्या शेडमध्ये त्यांनी वीसेक वर्षं गाड्या दुरुस्त केल्या. घनसावंगीकडे माणसं भरून नेणारे जीपवाले, मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांच्या गाड्या, शाळेची एक व्हॅन. सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. शिक्षण नववीपर्यंत. मी मात्र बी.ए. झाले आणि तेही लग्नानंतर. आमच्या दोन्ही घरांत माझ्याआधी कॉलेजात कोणी गेलेलं नव्हतं. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं होतं, ते त्यांनी पुन्हा सुरू करायला लावलं. फॉर्म त्यांनीच आणला. परीक्षेच्या दिवशी मोटारसायकलवर सोडायला यायचे आणि पेपर सुटेपर्यंत बाहेरच थांबायचे. एकदा मी विचारलं, तीन तास कंटाळा नाही आला का? म्हणाले, "एकाची गाडी बंद पडल्ती. ती चालू करून दिली." तो पेपर मला सोपा गेला होता, पण त्या दिवशीचं आठवतं ते त्यांच्या बोटांना लागलेलं काळं. तसल्याच हाताने त्यांनी माझ्यासाठी केळी घेऊन ठेवली होती.

नोकरी लागल्यावर ते मला मास्तरीणबाई म्हणायला लागले. चिडवायचे. गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. मी क्लच, ब्रेक, गिअर असं पाठ करत बसायची. ते म्हणायचे, "मास्तरीणबाई, गाडी पाठ करून न्हाई चालत. जरा कान द्या तिच्याकडं."

मागच्या वर्षी जानेवारीत, सकाळी तोंड धुताना ते न्हाणीतच खाली बसले. उजवा हात आणि उजवा पाय गेला. वाचाही गेली. जालन्याला दवाखान्यात बरेच दिवस काढले. घरी आल्यावर तीनेक महिन्यांत ते काठी घेऊन अंगणापर्यंत चालायला लागले, पण उजवा हात तसाच लोंबत राहिला. आणि बोलणं एका शब्दावर आलं. हौ. पाणी हवं असलं तरी हौ, नको असलं तरी हौ. दुखतं का म्हटलं तर हौ, बरं वाटतं का म्हटलं तर हौ. कधी कधी हौ म्हणताना त्यांची मान आडवी हलायची आणि आपल्या तोंडातून भलतंच निघालं हे कळून ते डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, त्यांना समजतं बहुतेक सगळं, बाहेर येत नाही. बहुतेक म्हणजे किती, हे मी विचारलं. त्यावर ते म्हणाले, ते हळूहळू कळेल.

मग आम्ही दोघांनी एक पद्धत बसवली. त्यांच्या डाव्या हातात एक चौदा नंबरचा पाना द्यायचा. बरोबर असेल तर खुर्चीच्या लोखंडी पायावर एकदा वाजवायचं, चूक असेल तर दोनदा. हे हौपेक्षा पुष्कळ चांगलं चाललं. चहात साखर कमी आहे का? टण. टीव्ही बंद करू? टण टण. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सुरुवातीला वैतागल्या. "पोरी, घरात लोहार बसवलास का?" म्हणाल्या. पुढं त्याच शेजारणीला कौतुकाने सांगायला लागल्या की आमचा आता ठोकून ठोकून समदं सांगतोय.

गॅरेज तोपर्यंत बंदच होतं. दोन कामगार होते, ते जालन्याच्या कारखान्यांत लागले. शेडचे मालक वयस्कर, कापसाचे व्यापारी, चांगला माणूस. त्यांची जुनी जीप आमच्या यांनीच इतकी वर्षं जिवंत ठेवली होती. ते स्वतः घरी आले. बसले, तब्येतीचं विचारलं, आणि मग जरा खाली बघत म्हणाले की पिठाच्या गिरणीसाठी एकजण शेड मागतोय. मिस्त्री परत येणार असतील तर ते कुणालाच देणार नव्हते. फक्त दसऱ्यापर्यंत त्यांना एक नक्की उत्तर पाहिजे होतं. प्रत्येक वाक्य ते यांच्याकडे बघत सुरू करायचे आणि माझ्याकडे बघत संपवायचे.

ते गेल्यावर यांनी दिवसभर पाना हातात घेतला नाही.

शेडशेजारी बॅटरी आणि वायरिंगचं काम करणारे एक भाई आहेत. ते आमच्या यांना उस्ताद म्हणतात. ते दर शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर भेटायला येत. मी त्यांना मालकांचं सांगितलं. ते म्हणाले, "भाभी, उस्तादला फकस्त खुर्चीवर आणून बसवा. हात काय, कुठं बी मिळतेत. नजर न्हाई मिळत."

ते वाक्य मी धरून बसले. जुन्या कामगारांपैकी एकाला फोन केला. तो म्हणाला, गॅरेज उघडणार असेल तर दिवाळीनंतर येतो, इथं भट्टीजवळ जीव जातो. पण मला भीती होती. माणूस बोलवायचा, त्याची नोकरी सोडवायची, आणि यांना सांगताच आलं नाही तर? म्हणून मी यांच्यापुढे एक गोष्ट ठेवली. आपल्याच गाडीचे मागचे ब्रेक करकरतात. नवे शू तुम्ही आजाराच्या आधीच आणून ठेवलेत. तुम्ही सांगा, मी बसवते. मला यातलं काहीच येत नाही. तुमचं सांगणं माझ्या हातात उतरलं तर ते कुणाच्याही हातात उतरेल. उतरलं तर मालकांना हो सांगू. नाही तर शेड सोडू.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग टण.

रविवारी सकाळी कामाला लागलो. गाडी अंगणात सपाटीवर घेतली. यांची खुर्ची पेरूच्या झाडाखाली, डाव्या मागच्या चाकाला लागून ठेवली. काम अवघड नाही असं आता मला वाटतं. तेव्हा प्रत्येक पायरीला घाम फुटत होता. पुढच्या चाकांना दगड लावले, हँडब्रेक सोडला, चाकाचे नट सैल केले, मग जॅक लावला. मी जॅक लावायला गेले त्या जागेवर त्यांनी दोनदा वाजवलं. थोडी पुढे सरकले. पुन्हा दोनदा. आणखी पुढे, पत्र्याला जिथे जाड घडी आहे तिथे. टण. मला इतका आनंद झाला की मी आत्याबाईंना हाक मारून सांगितलं. नुसता जॅक लागला होता.

चाक निघालं. आतला ड्रम, म्हणजे ब्रेकवरचं लोखंडी झाकण, मात्र गंजून बसला होता. मी हातोडी घेतली. टण टण. त्यांनी बोल्टांच्या डब्याकडे बोट केलं. मी एकेक बोल्ट उचलून दाखवत गेले, चौथ्या की पाचव्या बोल्टला टण झालं. ड्रमला दोन रिकामी भोकं असतात. त्यांत हे बोल्ट पिळत गेलं की ड्रम आपोआप बाहेर ढकलला जातो. तो सुटल्याचा आवाज झाला आणि ते हसले. तोंडाच्या डाव्या बाजूनेच, पण हसले. जानेवारीनंतर पहिल्यांदा.

आत दोन अर्धगोल शू समोरासमोर उभे होते. त्यांच्यावरचा लायनर, म्हणजे ड्रमला घासणारा थर, झिजून कागदासारखा झालेला. वर एक स्प्रिंग, खाली एक स्प्रिंग, आणि दोन्ही शूंच्या मधे आडवी एक दांडी. तिला दातेरी चकती असलेला स्क्रू असतो, त्याला ॲडजस्टर म्हणतात. लायनर झिजेल तशी ही दांडी आपोआप लांब होते, म्हणजे शू ड्रमपासून फार दूर राहत नाहीत. हे सगळं तेव्हा मला माहीत नव्हतं. मी फक्त एकेक सुटा भाग काढून स्टीलच्या ताटात ठेवत होते.

इथे मी माझ्या मनाने एक केलं.

शाळेत पेपर तपासताना माझी एक सवय आहे. एका पोराचा अख्खा पेपर मी तपासत नाही. आधी सगळ्यांचा पहिला प्रश्न, मग सगळ्यांचा दुसरा. हात बसतो, मार्क सारखे पडतात, वेळ वाचतो. तसंच मला वाटलं की डावीकडचं सगळं निघालंच आहे, तर उजवीकडचंही आत्ताच काढून घ्यावं. एकदम धुवावं, एकदम बसवावं. मी उजव्या चाकाकडे वळले तर त्यांनी दोनदा वाजवलं. मला वाटलं, दगड सरकला की काय. दगड बघितले, नीट होते. परत वळले. परत दोनदा, जरा जोरात. मी जवळ जाऊन समजावलं की अहो, दोन्ही बाजू सारख्याच तर आहेत, वेगवेगळी ताटं करते, काही मिसळणार नाही. ते पुन्हा वाजवणार होते. पण मी त्यांच्या हातावर हात ठेवला. हसून ठेवला. आपल्या वर्गातल्या हट्टी पोराच्या हातावर ठेवावा तसा. मग त्यांनी एकदा वाजवलं.

पुढे मला कळलं की गॅरेजात यांचा तो ठरलेला नियम होता. एक बाजू उघडायची, पूर्ण बसवायची, मगच दुसरी. बंद असलेली बाजू बघायला शिल्लक राहते. काही विसरलं की तिकडे जाऊन बघायचं. ते गॅरेजात नवीन येणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्याच दिवशी सांगत. मी वीस वर्षं त्यांच्या घरात राहिले, मला ते माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

दोन ताटं झाली. डावीकडचं डाव्या हाताला, उजवीकडचं उजव्या. मी आत जाऊन भाकरी टाकायला घेतल्या, यांना जेवायला वाढलं. त्या अर्ध्या तासात आत्याबाईंनी दोन्ही ताटं मोरीवर नेली. सगळं धुण्याच्या सोड्याने घासलं, तारेच्या घासणीने घासलं, आणि पोत्यावर उन्हात वाळत घातलं. शेंगा पसरतात तसं. मी बाहेर आले तेव्हा त्या शेवटची स्प्रिंग पदराने पुसत होत्या.

"म्या धुऊन टाकलं समदं," त्या म्हणाल्या. "किती काळं झाल्तं. बघ कसं चकचकून राह्यलं."

त्यांना रागावायचा प्रश्नच नव्हता. मुलाच्या कामात इतक्या वर्षांत त्यांना पहिल्यांदाच हात लावायला मिळाला होता. शिवाय मलाही तेव्हा काही बिघडलं असं वाटलं नाही. स्प्रिंगा सारख्या होत्या, लांब लांबजवळ, आखूड आखूडजवळ लावता आल्या. शू तर नवेच होते. ॲडजस्टर दोन होते, अगदी सारखे दिसत होते. मी दोन्ही यांच्यापुढे धरले आणि विचारलं, डावीकडचा कोणता?

त्यांनी एकेक डाव्या हातात घेतला. अंगठ्याने चकती फिरवली. उजेडात धरली. दुसराही तसाच बघितला. खूप वेळ घेतला त्यांनी. मग एक माझ्याकडे सरकवला. मी तो डाव्या चाकापाशी नेऊन पुन्हा विचारलं, "हाच ना?"

टण.

बाकीचं काम झालं. वरची स्प्रिंग पक्कडीने ओढून अडकवताना दोनदा हातातून सुटली, एकदा हनुवटीला लागली. हँडब्रेकची केबल मागच्या शूच्या दांडीत अडकवताना त्यांनी मला तीनदा चुकीचं ठरवलं आणि चौथ्यांदा बरोबर. ते तीन वेळचे दोन-दोन ठोके मला आजही खरे वाटतात. ड्रम घातले, चाकं घातली. हँडब्रेक पाच-सहा वेळा ओढून सोडला. गाडी गल्लीतून मोठ्या रस्त्यापर्यंत नेली, ते शेजारी बसले होते. ब्रेक दाबला, गाडी जागच्या जागी थांबली. करकर नाही. मी त्यांच्याकडे बघितलं. पाना घरी राहिला होता. त्यांनी दारावर बोटाने एकदा वाजवलं.

तिथूनच आम्ही मालकांकडे गेलो. मी सांगितलं, गॅरेज चालू ठेवतोय. त्यांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि गिरणीवाल्याला नाही सांगतो म्हणाले. पुढचे पंधरा-सोळा दिवस आमच्या घरात माणसं मोठ्याने बोलत होती. मी शाळेतून आले की यांना घेऊन शेडवर जायची. शटर वर करायचं, झाडलोट करायची. ते खुर्चीवर बसून एकेक हत्यार कुठे टांगायचं ते ठोकून सांगायचे. भाई कपात चहा आणायचे. जीपवाले रस्त्यावरून जाताना थांबून मिस्त्री कधी उघडताय विचारायचे. त्या कामगाराने जालन्यात साहेबाला सांगून टाकलं की दिवाळीनंतर येत नाही.

ब्रेकवरचा पाय रोज थोडा जास्त खाली जातोय हे मला जाणवत होतं. पण नवीन शू आहेत, बसत असतील, असं मी स्वतःला सांगितलं. हँडब्रेक ओढताना आधी चारदा कट् वाजलं की लागायचा, मग सहा, मग आठ. हेही मी बघितलं होतं. यांना सांगितलं नाही. का सांगितलं नाही, याचं खरं उत्तर मला माहीत आहे. सांगितलं असतं तर कुठे चुकलं हे त्यांना विचारावं लागलं असतं.

दसऱ्याच्या आधी एका सकाळी यांना जालन्याला व्यायामाच्या दवाखान्यात नेत होते. वाटेत रेल्वेचं फाटक पडलेलं होतं. फाटकाच्या आधी थोडा चढ आहे. मी हँडब्रेक ओढला आणि ब्रेकवरचा पाय काढला. गाडी मागे सरकायला लागली. मी हँडब्रेक अजून ओढला, तो पार वर आला, हाताला वजनच लागलं नाही. पाय ब्रेकवर जाईपर्यंत मागच्या ट्रॅक्टरला धक्का बसला होता. हळूच बसला. कुणाला काही झालं नाही. ट्रॅक्टरवाला खाली उतरला, आमच्या काचेत वाकून बघितलं आणि म्हणाला, "बाई, गाडी फुडं चालवायची का माघारी, येकदा ठरवा." यांना ओळखल्यावर तो ओशाळला. "मिस्त्री, तुम्ही हायेत व्हय," म्हणून नमस्कार करून गेला.

यांनी डावा हात स्वतःच्या अंगासमोरून आडवा आणला आणि हँडब्रेकची दांडी धरली. खाली केली, वर ओढली. पुन्हा खाली, पुन्हा वर. गाडीचं दुखणं ते असंच, हाताने ऐकत असत. दांडी सोडली आणि ते समोर बघत बसले. फाटक उघडलं. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी दवाखान्यात न जाता पहिल्या गिअरमध्ये गाडी घरी आणली.

भाईंना बोलावलं. यावेळी त्यांनी चाकं काढली, ड्रम काढले. यांची खुर्ची तिथेच ठेवली होती. भाईंनी डाव्या बाजूची चकती फिरवून बघितली, मग उजव्या बाजूची. मग उठून हात पुसले. उगीच बराच वेळ पुसले.

"भाभी," ते हळू म्हणाले, "डावा उजवीकडं बसलाय. दोघांचे आटे उलटे असतेत. ह्ये लांब व्हायच्या जागी आखूड होऊन राह्यलेत. जितका ब्रेक मारला तितका ब्रेक कमी."

मी लगेच म्हणाले की चूक माझी. दोन्ही बाजू एकदम उघडल्या, मी ऐकलं नाही. आत्याबाई दारातून म्हणाल्या, "माझीच चूक, म्याच समदं मिसळलं. मला वाटलं मदत करावं." भाई म्हणाले, हे तर कारागिराकडूनही होतं, काही मोठी गोष्ट नाही. आम्ही तिघेही एकदम बोलत होतो, आणि ज्यांना ऐकवण्यासाठी बोलत होतो ते त्या दोन ॲडजस्टरांकडे बघत होते. भाईंनी ते यांच्या मांडीवर ठेवले होते. त्यांनी एक उचलला, अंगठ्याने फिरवला. दुसरा उचलला, फिरवला. मग पहिला. त्या दिवसासारखंच. मी त्यांचा चेहरा बघत होते. कोणता कोणत्या बाजूचा, हे त्यांना आत्ताही कळत नव्हतं. भाईंनी नुकतंच सांगितलेलं असूनही.

दोन्ही शेवटी त्यांनी भाईंना परत दिले. भाईंनी अदलाबदल करून बसवले. ब्रेक तेव्हापासून चांगला आहे.

त्या दिवसापासून मी एका गोष्टीत अडकले आहे. ज्या वेळी ते चूक आहे असं सांगत होते, त्या वेळी ते बरोबर होते आणि मी त्यांचा हात दाबला. ज्या वेळी ते बरोबर आहे म्हणाले, त्या वेळी मी आनंदाने ऐकलं. म्हणजे त्यांच्यात अजून नजर होती. किती होती, कुठे होती, कुठे नव्हती, ते मला ओळखता आलं नाही, आणि त्यांनाही नाही. जॅकची जागा माहीत असलेला माणूस डावं-उजवं विसरू शकतो, हे व्यायामाच्या दवाखान्यातल्या बाईंनी मला पुढे नीट समजावून सांगितलं. पण मी काय करू त्याचं? उद्या जीपमध्ये दहा माणसं बसतील. कोणत्या ठोक्यावर विश्वास ठेवायचा हे त्या कामगाराला मी काय सांगणार?

जॅक लावता आला त्या सकाळी त्यांना इतकी आशा दाखवली नसती तर, हाही विचार येतो. मी त्यांचं ऋण फेडायला गेले होते. मला वाटलं होतं, यांनी मला पुस्तकापर्यंत नेलं, मी यांना परत शेडपर्यंत नेईन.

दोन दिवस आम्ही कुणीच विषय काढला नाही. शेडवरही गेलो नाही. दसरा उद्यावर आला. दुपारी आत्याबाई झोपल्या होत्या. मी यांच्यापुढे स्टुलावर बसले, पाना त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले की मालकांना हो सांगितलंय, ते बदलायचं तर आजच सांगावं लागेल. जे सांगाल ते करू. तुम्ही म्हणालात चालू ठेवू, तर मी त्या कामगाराजवळ रोज उभी राहीन, सगळं वहीत लिहून घेईन, दुसऱ्या मिस्त्रीला दाखवून घेईन. तुम्ही म्हणालात बंद, तर बंद.

"सोडायचं का शेड?" मी विचारलं.

त्यांनी पाना वाजवला नाही. तो वाकून जमिनीवर ठेवला, आवाज होऊ न देता. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हौ."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "का चालूच ठेवायचं?"

"हौ."

"अहो, एकदा वाजवा ना. एकदा."

त्यांनी मान वळवली. अंगणात गाडी उभी होती, तिच्याकडे नाही, भिंतीकडे वळवली.

मी स्टूल सरकवून उठले. मग आतल्या खोलीत जाऊन मालकांना फोन लावला. शेड सोडतोय म्हणून सांगितलं. ते म्हणाले की घाई नाही, सामान सवडीने न्या. त्यानंतर जालन्याला त्या कामगाराला फोन केला. त्याने तिकडचं काम सोडल्याचं सांगून टाकलं होतं. तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणाला, "मॅडम, मिस्त्रीला माझा नमस्कार सांगा. मी बघतो इकडं."

बाहेर आले तर चहाची वेळ झाली होती. चहा केला. त्यांच्यासाठी बशीत ओतला, कारण डाव्या हातात कप अजून हलतो. मी सांगितलं की मालकांना कळवलंय, शेड सोडतोय. त्यांनी बशी तोंडाला लावली आणि चहा संपेपर्यंत खाली ठेवली नाही.